लाखामागे ४० कैदी म्हणजे नेमकं काय?

प्रश्न विचारणारे अंबाजोगाईचे आहेत, समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "लघुप्रबंधासाठी तुरुंगवासाचा दर हा विषय घेतलाय. भारतात लाख लोकसंख्येमागे ४० कैदी, नॉर्वेत ५५ च्या आसपास, अमेरिकेत ५०० च्या वर. म्हणजे आपली व्यवस्था अमेरिकेहून बारा-तेरा पट सौम्य आणि नॉर्वेहूनही मवाळ, असं लिहिलं तर चालेल का? हाच दर मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांसाठी काढून क्रम लावायचा विचार आहे. आणि परिवीक्षेवर (प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) सोडलेल्यांचा दर कुठेच सापडत नाही, तो कुठे मिळेल?"

आधी मी कोण ते सांगते. परभणी, लातूर आणि बीड मिळून २६ वर्षं मी परिवीक्षा अधिकारी होते. खेड्यात जाऊन "मी प्रोबेशन अधिकारी" म्हटलं की लोक काळजीनं विचारायचे, "म्हणजे मॅडम, नोकरी अजून पक्की झाली नाही का?" शेवटी मी "कोर्टाकडून चौकशीला आले" एवढंच सांगायला लागले. काम तेच होतं. आरोपीच्या घरी जायचं, शेजारी, सरपंच, शाळेतले गुरुजी यांच्याशी बोलायचं आणि न्यायाधीशांना अहवाल द्यायचा, की या माणसाला तुरुंगात न घालता सोडलं तर तो नीट राहील का. त्या निमित्तानं कारागृहाच्या आतही जाणं व्हायचं आणि बाहेर देखरेखीखाली असलेल्यांची नोंदवहीही माझ्याच टेबलावर असायची. हे उत्तर त्या दोन्ही बाजू बघून देतेय, संशोधक म्हणून नव्हे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: असं लिहू नका. तुमचे आकडे बरोबरच आहेत. पण तुम्ही धरून चाललात की तुरुंगात असणं म्हणजे शिक्षा भोगत असणं. नॉर्वेत ते बरंचसं खरं आहे. आपल्याकडे नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते. शिक्षा लागलेले पक्के कैदी १,३३,४१५. लोकसंख्या १४१ कोटी धरा आणि भागाकार स्वतः करा. लाखामागे कच्चे ३१ आणि पक्के साडेनऊच्या आसपास निघतील. आता नॉर्वे घ्या. तिथल्या कैद्यांपैकी साधारण पाव हिस्सा खटल्याची वाट बघणारा असतो, उरलेले शिक्षा भोगणारे. म्हणजे लाखामागे चाळीसच्या आसपास पक्के. जो देश आपण माणुसकीचा नमुना म्हणून सांगतो, तो लोकसंख्येच्या मानानं आपल्या चौपट लोकांना शिक्षा म्हणून तुरुंगात ठेवतो. तिथल्या शिक्षा पुष्कळदा काही महिन्यांच्याच असतात, हे खरं. पण तुमचं "नॉर्वेहूनही मवाळ" हे वाक्य ज्या पायावर उभं होतं, तो आता उरला नाही. आपल्याकडे शिक्षा कमी जणांना लागते आणि तुरुंग मात्र निकालाआधीच होतो.

इथे विद्यार्थी लगेच उलट्या टोकाला जातात आणि लिहितात, "भारतात ७६ टक्के कैदी कच्चे, अमेरिकेत जेमतेम पाव, म्हणून अमेरिका कच्च्या कैद्यांच्या बाबतीत आपल्यापेक्षा बरी." तेही चुकतं. अमेरिकेत २०२२ च्या मध्यावर स्थानिक जेलांमध्ये ६,६३,१०० माणसं होती आणि त्यांतले सुमारे ७० टक्के लोक निकालाची वाट बघत होते. तिथली लोकसंख्या ३३ कोटींच्या घरात. म्हणजे लाखामागे सुमारे १४० कच्चे कैदी, आपल्या ३१ च्या साडेचार पट. आपली टक्केवारी एवढी मोठी दिसते कारण छेद लहान आहे, पक्के कैदीच थोडे आहेत. टक्केवारी आणि दर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तक्त्यात दोन्ही शेजारी-शेजारी द्या, एकच दिलात तर वाचणाऱ्याची फसगत होईल.

यापुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते समजवायला मला पुस्तकी शब्दांपेक्षा नाथसागर सोयीचा वाटतो. पावसाळ्यात आपण रोज पेपरात बघतो: जायकवाडीचा साठा इतके टक्के, आवक इतके क्युसेक, विसर्ग इतका. नुसता साठा ४० टक्के म्हटलं तर धरण भरतंय की रिकामं होतंय, ते कळत नाही. आवक थोडी आणि दरवाजे बंद असले तरी साठा ४० टक्केच असू शकतो, धो-धो आवक आणि सगळे दरवाजे उघडे असले तरी तेवढाच असू शकतो. लाखामागचा दर हा तुरुंगाचा साठा आहे, तोही एका दिवसाचा. आत किती येतात आणि आल्यावर किती दिवस राहतात, या दोन गोष्टींच्या गुणाकारातून तो बनतो.

आकडे घालून बघा. २०२१ मध्ये आपल्या कारागृहांत वर्षभरात सुमारे १८ लाख प्रवेश झाले आणि वर्षअखेर आत ५,५४,०३४ बंदी होते. साठ्याला आवकेनं भागलं तर सरासरी मुक्काम साडेतीन महिन्यांच्या आसपास येतो. अमेरिकेच्या स्थानिक जेलांत २०२२ मध्ये ७३ लाख प्रवेश झाले, साठा ६ लाख ६३ हजार. म्हणजे सरासरी मुक्काम महिनाभराचा. दोन्हीकडे हे प्रवेश आहेत, वेगवेगळी माणसं नव्हेत. एकच माणूस वर्षात तीनदा आत गेला तर तीनदा मोजला जातो. शिवाय तिथल्या राज्य कारागृहांतले लांब शिक्षेचे कैदी मी या हिशेबात धरलेले नाहीत, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरी चित्र उघड दिसतं. लोकसंख्येच्या मानानं अमेरिकेत जेलच्या दारातून आत जाणारे आपल्यापेक्षा सोळा-सतरा पट जास्त, पण दारातून आत गेलेला आपल्याकडे तिप्पट रेंगाळतो. शिवाय सरासरी फसवी असते. आठवड्यात सुटणारे आणि वर्षानुवर्षं सडणारे एकाच सरासरीत बसतात. पाच वर्षांहून जास्त काळ आत असलेले कच्चे कैदी २०२२ च्या शेवटी देशात अकरा हजारांवर होते.

मग तुमचा "सौम्य की कठोर" हा प्रश्न दोन प्रश्नांत फुटतो. आत घालायला ही व्यवस्था किती उतावीळ आहे? आणि सोडायला किती मंद? अमेरिका पहिल्यात पुढे, आपण दुसऱ्यात.

मंद का, ते तुम्हाला बीडमध्ये शोधायला फार लांब जावं लागणार नाही. माझ्या डोळ्यांसमोरचं एक प्रकरण सांगते. केजकडचा विशीतला एक पोरगा, विहिरीवरची मोटार चोरल्याचा आरोप. पोलीस कोठडी संपली, न्यायालयीन कोठडी सुरू झाली. कोर्टाच्या आवारात म्हणतात तसं, पीसीआर संपून एमसीआर झाला. नोव्हेंबरात जामीन मंजूर झाला, पंधरा हजारांचा, एका जामीनदारावर. जामीनदार म्हणजे सातबारा नाहीतर घराची पावती असलेला माणूस. पोराचा बाप, चुलते, गावातला ओळखीचा जो तो दिवाळी झाल्या झाल्या कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेला. कुणी सांगली, कुणी कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे फड सोडून यायची सोय नाही. मी भेटायला गेले तेव्हा पोरगा म्हणाला, "मॅडम, जामीन झालाय, पण माणूस मिळंना." तो गुढीपाडव्याच्या सुमारास सुटला, बाप परत आल्यावर. जामिनावर सोडण्याचा आदेश झालेला माणूस चार महिने आत राहिला. आणि ३१ डिसेंबरला देशाची जी मोजणी झाली, तिच्यात तो होता.

या तारखेकडे तुमचं लक्ष वेधायचंय. आपली मोजणी ३१ डिसेंबरला होते, म्हणजे ऐन गळीत हंगामात. बीड आणि आसपासच्या तालुक्यांतले लाखो लोक तेव्हा जिल्ह्याबाहेर असतात. त्यांच्यातला कुणी फडावरच्या भांडणात धरला गेला तर तो तिकडच्या जिल्ह्याच्या कारागृहात मोजला जातो. आणि जे इथे आत आहेत त्यांना जामीनदार मिळत नाही. या दोन गोष्टी उलट्या दिशांनी ओढतात. कुठली जास्त ओढते हे एका तारखेच्या आकड्यावरून कळायचं नाही. तुम्ही अंबाजोगाईत बसला आहात, यावर काम करायला तुमच्यापेक्षा चांगली जागा कुणाची असणार?

यात सुधारणेचे प्रयत्न झालेले आहेत, तेही प्रबंधात यायला हवेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना आली, तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ४७९ नं, आधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेचा हक्क दिला. म्हणून २०२२ आणि २०२५ चे आकडे एकाच रेषेवर मांडाल तर मध्ये ही खूण करा. तशीच खूण २०२० वर करा. कोरोनात उच्चाधिकार समित्यांच्या निर्णयानं हजारो बंदी तात्पुरते सोडले गेले. त्या वर्षी पक्के कैदी कमी दिसतात ते गुन्हे कमी झाले म्हणून नव्हे.

आता देशादेशांतल्या मोजणीचं. यात फार खोल जात नाही, पण तीन ठिकाणी लोक हटकून घसरतात. पहिलं, कोण मोजलं? आपल्या कारागृहांच्या आकड्यात पोलीस कोठडीतले नाहीत, निरीक्षणगृहातली मुलंही नाहीत. चीनचा १६ लाख ९० हजार हा नेहमी उद्धृत होणारा आकडा फक्त शिक्षा लागलेल्यांचा आहे, खटल्याआधी कोठडीत असलेले त्यात धरलेले नाहीत. आपल्या ४० शेजारी चीनचा दर ठेवायचा तर खरं म्हणजे आपले साडेनऊ ठेवायला हवेत. दुसरं, कधी मोजलं? युरोप परिषदेची मोजणी आता ३१ जानेवारीची असते, अमेरिकेत स्थानिक जेल जूनअखेर मोजतात आणि राज्यांची कारागृहं डिसेंबरअखेर. तिसरं, छेदात कोण? तुरुंगाचा दर बहुधा सगळ्या लोकसंख्येमागे देतात, बाळं धरून. देखरेखीचा दर मात्र अमेरिकेत बहुतेक वेळा प्रौढांमागे देतात. आपल्याकडे मुलांचं प्रमाण जास्त. २०२४ च्या लोकसभेला देशात ९७ कोटींच्या आसपास मतदार नोंदलेले होते. प्रौढ लोकसंख्येसाठी तोच ढोबळ छेद धरला तर आपले ४० एकदम ६० च्या जवळ जातात. एका तक्त्यात दोन प्रकारचे छेद मिसळलेले मी छापील पुस्तकांतही पाहिलेत.

देखरेखीचा विषय माझा, त्यामुळे जरा लांबेल.

आधी शब्दांचा घोळ. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा काही भाग आत काढून उरलेला काळ बाहेर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली काढणं. आपल्या महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. दोन्ही रजाच. बहिणीचं लग्न, आईचं आजारपण झालं की माणूस परत आत. पेपरात "पॅरोलवर सुटला" वाचून कुणी अमेरिकेच्या पॅरोलच्या आकड्याशी आपला आकडा जोडला, तर तो गावाला जाऊन येणाऱ्याला गाव सोडून गेलेल्यांत मोजण्यासारखा प्रकार होईल.

अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस सगळे मिळून ५४ लाख प्रौढ या यंत्रणेच्या हाताखाली होते, म्हणजे दर ४८ प्रौढांमागे एक. त्यांतले आत असलेले १८ लाखांच्या आसपास. उरलेले, दोन तृतीयांश, बाहेर, प्रोबेशन नाहीतर पॅरोलवर. २००७ च्या सुमाराला हा एकूण आकडा ७३ लाखांवर होता, दर ३१ प्रौढांमागे एक. आणि देशाच्या आतही एकसारखं काही नाही. तुरुंगवासात लुईझियाना, मिसिसिपी वरच्या टोकाला आणि मॅसॅच्युसेट्स खालच्या, तर प्रोबेशनमध्ये जॉर्जिया सगळ्यांच्या पुढे. जॉर्जियाचं कारण मला फार बोलकं वाटतं. तिथे वाहतुकीच्या आणि किरकोळ गुन्ह्यांतही, दंड एकरकमी भरता आला नाही की माणसाला हप्ते फिटेपर्यंत प्रोबेशनवर टाकतात. खिशात पैसे असलेला त्याच दिवशी मोकळा, नसलेला महिनोन्‌महिने देखरेखीत. आमच्या केजच्या पोराची आठवण होते ती इथे. फक्त तिथे गरिबी देखरेखीच्या रकान्यात दिसते, आपल्याकडे तुरुंगाच्या.

म्हणून "तुरुंगाचा दर कमी आणि देखरेखीचा जास्त म्हणजे प्रगत देश" असंही समीकरण मांडू नका. देखरेख तुरुंगाच्या जागी आली की तुरुंगाच्या जोडीला आली, हे बघावं लागतं. हजेरी चुकली, दंडाचा हप्ता राहिला, या कारणानं प्रोबेशनवरचा माणूस आत जातो तेव्हा ती देखरेख तुरुंगात जाण्याची वाट झालेली असते.

आणि आपला दर? तो तुम्हाला सापडत नाही, यात तुमची चूक नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ चा आहे. त्याच्या कलम ४ नुसार न्यायालय चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, देखरेखीचा आदेश जोडू शकतं. कलम ६ तर २१ वर्षांखालच्या आरोपीबाबत, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, तुरुंगात पाठवण्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायला सांगतं. कायदा चांगला आहे. पण माझ्या सगळ्या नोकरीतली देखरेखीची प्रकरणं एका जाड वहीत मावली. अहवाल मागवलेच गेले नाहीत अशी प्रकरणं किती, ते मोजायला मात्र कुणी वही केली नव्हती. बचाव पक्षाचे वकील निर्दोष सुटकेवर जोर लावतात. परिवीक्षा मागणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं त्यांना वाटतं. एका तरुण वकिलाला मी कलम ६ दाखवलं तर तो म्हणाला, "मॅडम, अशिलाला काय सांगू? दोषी आहेस पण घरी जा?" मी म्हटलं, हो, तेच सांगा.

कार्यालयीन कारणही आहे. महाराष्ट्रात कारागृहं गृह विभागाकडे आणि परिवीक्षा महिला व बाल विकास विभागाकडे. दोन विभाग, दोन नोंदवह्या, दोन वरिष्ठ. आतला आकडा आणि बाहेरचा आकडा एका कागदावर येण्याचा प्रसंगच येत नाही. कारागृहांचा वार्षिक अहवाल कारागृहांपुरता असतो. तुम्ही अमेरिकेसारखी "तुरुंग अधिक देखरेख" अशी एकत्र बेरीज शोधताय, ती आपल्याकडे कुणी करत नाही.

पण म्हणून आपल्याकडे देखरेख नाही असं समजू नका. ती आहे, पोलीस ठाण्यात. जामिनाच्या अटीत "दर सोमवारी हजेरी" असते, ती देखरेखच. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच केलेल्या कारवाईत, वर्तणुकीचं बंधपत्र घेतात, ती देखरेख. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत तडीपार करतात, तीही एक प्रकारची देखरेखच, उलटी. "इथे दिसू नकोस" म्हणणारी. यातलं काहीही सुधारसेवेच्या आकड्यात येत नाही, कारण यातल्या बहुतेकांवर दोष सिद्ध झालेला नसतो. आणि पारधी वस्त्यांवर जी नजर असते ती तर कुठल्याच कागदावर नसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं सबंध जमातींना जन्मापासून हजेरी लावली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. पण जिल्ह्यात चोरी झाली की आधी गाडी कुठे जाते, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुमचा तक्ता या लोकांना "देखरेखीखाली नाहीत" म्हणून मोजेल. तक्त्याखाली टीप देऊन हे सांगा.

इथवरचं एकत्र करायचं तर: कच्चे-पक्के वेगळे काढा, साठ्याबरोबर आवक आणि मुक्काम बघा, आणि देखरेखीच्या बाबतीत आपला रकाना शून्य नाही, कोरा आहे, हे लक्षात ठेवा.

आता आठ जिल्हे. इथे मी तुम्हाला स्पष्टच अडवते. कारागृहातले बंदी भागिले जिल्ह्याची लोकसंख्या, असा दर काढून क्रम लावलात तर छत्रपती संभाजीनगर पहिलं येईल आणि त्याचा तिथल्या गुन्हेगारीशी काही संबंध नसेल. हर्सूलचं मध्यवर्ती कारागृह तिथे आहे. आसपासच्या जिल्ह्यांत शिक्षा लागलेले तिकडे पाठवले जातात. पैठणचं खुलं कारागृहही त्याच जिल्ह्यात, तिथे चांगल्या वर्तणुकीवर निवडलेले पक्के कैदी शेतीकाम करतात, आणि ते पैठणचे थोडेच असतात. लातूरच्या दवाखान्यात उदगीर, अहमदपूर, परळीचे रुग्ण दाखल होतात म्हणून लातूर शहर सगळ्यांत आजारी, असं आपण म्हणत नाही ना? मोजायचा तर बंद्याचा मूळ पत्ता किंवा ज्या न्यायालयानं वॉरंट काढलं तो जिल्हा.

हा घोळ फक्त आपला नाही. नेदरलँड्समध्ये कैदी एवढे घटले की तुरुंग रिकामे पडले, आणि नॉर्वेत शिक्षा भोगायला रांग होती. म्हणून २०१५ मध्ये नॉर्वेनं नेदरलँड्समधला एक तुरुंग भाड्यानं घेऊन आपले कैदी तिकडे पाठवले. नुसत्या इमारतीवरून मोजणाऱ्याला ते डच वाटतील.

छेदाचंही दुखणं आहे. जिल्ह्यांची शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही, पुढची २०२७ मध्ये होतेय. तेव्हा संभाजीनगर जिल्हा ३७ लाखांचा होता. वाळूज, शेंद्र्याकडची वाढ बघता आज तो आकडा खूपच जुना झालाय. जुन्या छेदानं वाढत्या जिल्ह्याचा दर फुगतो, आणि जिथून माणसं बाहेर पडतात त्या जिल्ह्याचा खरा दर लपतो.

आणि लहान जिल्ह्याला एक दणका पुरतो. हिंगोली २०११ ला ११ लाख ७७ हजारांचा. एखाद्या गावात दंगल झाली, साठ जणांना अटक झाली, तर हिंगोलीचा दर एका रात्रीत लाखामागे पाचानं चढतो. त्याच साठ जणांनी संभाजीनगरचा दर दीडनं चढतो. जगाच्या यादीत हेच सेशेल्सचं झालं होतं. २०१५ च्या यादीत लाखामागे ७९९ कैदी दाखवून तो अमेरिकेच्याही वर, पहिल्या क्रमांकावर होता. लोकसंख्या लाखाच्या आत, प्रत्यक्ष कैदी काही शे, आणि त्यांत सोमालियाचे समुद्री चाचे, जे तिथे खटल्यासाठी आणलेले. लहान जिल्ह्यांचं एकाच वर्षाचं चित्र काढू नका, निदान पाच वर्षांची सरासरी घ्या.

मग तुलना करूच नये का? करावी, पण कुठे ठेवायची ते ठरवून. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती एकाच ठिकाणाची स्वतःशीच, काळाच्या ओघात केलेली तुलना. तिथे मोजण्याची पद्धत बहुधा तीच राहते, माणसांचं वागणं बदलतं ते दिसतं. फिनलंड बघा. १९५० च्या सुमारास तिथे लाखामागे दोनशेच्या आसपास कैदी होते, शेजारच्या देशांच्या कितीतरी वर. ठरवून शिक्षा आखूड केल्या, चोरी आणि दारू पिऊन गाडी चालवणं यांत तुरुंगाऐवजी दंड आणि सशर्त शिक्षा वापरल्या, आणि १९९० च्या दशकात दर साठच्या घरात आला. त्या काळात शेजाऱ्यांचा दर साधारण जागच्या जागी होता आणि गुन्ह्यांची चढउतार सगळीकडे सारखीच. उलट उदाहरण एल साल्वाडोरचं. मार्च २०२२ मध्ये आणीबाणी लागली, सरसकट अटका झाल्या आणि दर हजाराच्या वर गेला. दोन्हीकडे दर हलला तो धोरणानं.

तुमच्यासाठी मी विषय आखूड करून देते. आठ जिल्हे सोडा, बीड घ्या, जमलं तर शेजारचा लातूर. जामीन मंजूर झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष सुटकेची तारीख, या दोनांतलं अंतर मोजा. ऑक्टोबर ते मार्च वेगळं, एप्रिल ते सप्टेंबर वेगळं. लोकअभिरक्षक कार्यालयात (गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या) आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन नीट बोललात, नावं नको, फक्त तारखा हव्यात असं सांगितलंत, तर मदत होते असा माझा अनुभव आहे. कारागृहाच्या न्यायालयीन विभागातले लिपिक कामात बुडालेले असतात, त्यांच्याकडे महिनाअखेरीला जाऊ नका.

परिवीक्षेचा आकडा जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातच मिळेल, माहिती अधिकारात अर्ज करावा लागेल. अर्जात "परिवीक्षेवरील व्यक्तींची माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका, "निरंक" असं एका शब्दाचं उत्तर येईल. न्यायालयानं मागवलेले सामाजिक तपास अहवाल किती, दिलेले किती, आणि देखरेखीचे आदेश किती, असं तीन ओळींत, वर्षनिहाय आणि न्यायालयनिहाय मागा. पहिल्या दोन ओळींचे आकडे हाती आले की मला कळवा. तिसऱ्याचा मला साधारण अंदाज आहे.